सोनौलीच्या कमानीपलीकडे: स्वतःच्या गाडीने नेपाळला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नेपाळला व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि नवख्यांचा घोळ तिथूनच सुरू होतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे मोकळीक मिळाली ती माणसाला. गाडीला नाही, मालाला तर अजिबात नाही. मुंबई-पुण्याहून निघणारी मंडळी सतराशे किलोमीटरचं नियोजन अगदी चोख करतात. कुठल्या ढाब्यावर थांबायचं, कुठे मुक्काम टाकायचा, सगळं ठरलेलं असतं. सीमेवरच्या कमानीनंतरचा पहिला किलोमीटर आणि त्यापुढचे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर घाट यांचा विचार मात्र कुणी केलेला नसतो. सहल बिघडते ती बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी, म्हणून या लेखाचा भर त्यांच्यावरच आहे.

नाका कोणता घ्यायचा

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला सोपा नाका सोनौलीचा. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज जिल्ह्यात सोनौली, पलीकडे नेपाळचं बेलहिया, आणि लागूनच भैरहवा. पाट्यांवर त्याचं सिद्धार्थनगर हे नाव दिसेल, गोंधळू नका. लुंबिनी इथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, पोखऱ्याची वाटही इथूनच फुटते. नागपूरहून बौद्ध स्थळांच्या यात्रेला निघणाऱ्या बहुतेक गाड्या कुशीनगर करून गोरखपूरमार्गे इथेच येतात.

दुसरा मोठा नाका बिहारमधला रक्सौल, पलीकडे वीरगंज. आशियाई महामार्ग ४२ चीनमधल्या लान्झोउहून ल्हासा, काठमांडू करत झारखंडमधल्या बरहीला येतो, तो इथूनच भारतात शिरतो. नेपाळचा सर्वांत जास्त माल याच नाक्यातून जातो. त्यामुळे मालवाल्यांनी रक्सौल धरावं आणि फिरणाऱ्यांनी सोनौली, असं माझं सरळ मत आहे. बाकी दिल्लीकडून जाणाऱ्यांना उत्तराखंडातलं बनबसा, लखनौकडून रुपईडिहा आणि सिलिगुडीकडून पानीटंकी सोयीचं पडतं.

कागद: निघण्याच्या पंधरा दिवस आधी

माणसाचे कागद आधी बघू. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत. आधार कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ च्या वरच्या ज्येष्ठांनाच ते प्रवासाचा कागद म्हणून चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं फोटोसह ओळखपत्र घ्या. रस्त्याने जाताना कधीकधी कुणी काहीच विचारत नाही हे खरं. पण उद्या तब्येत बिघडली आणि काठमांडूहून विमानाने परतायची वेळ आली, तर तिथे खिडकीवर हाच कागद मागतात.

घरातलं कुणी परदेशी नागरिक असेल, म्हणजे अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेला भाऊ किंवा भाची, तर त्यांचं प्रकरण वेगळं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. त्यांना सोनौलीत भारताच्या इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा लागतो आणि पलीकडे नेपाळचा व्हिसा. तो तिथेच मिळतो. १५ दिवसांना ३० डॉलर, ३० दिवसांना ५०, ९० दिवसांना १२५. भारतीयांना कुणी अडवत नाही, त्यामुळे गाडी सरळ पुढे निघून जाते आणि त्यांचा शिक्का राहून जातो. परतताना मग रडारड होते.

आता गाडी. आरसी, चालकाचा परवाना, विमा, पीयूसी, सगळ्याच्या मूळ प्रती. डिजिलॉकरवर इथे विसंबू नका. गाडी ज्याच्या नावावर आहे तोच सोबत असला तर उत्तम. नसेल तर त्याचं सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या. कर्जावरच्या गाडीसाठी बँकेचं ना-हरकत पत्र जवळ असलेलं बरं. पिवळ्या पाटीची टॅक्सी, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी यांना वेगळा परवाना लागतो. खासगी गाडीचे नियम त्यांना लावून नाक्यावर जाऊ नका.

विम्याचं सांगितलं की लोक कान बंद करतात, म्हणून जरा सविस्तर. तुमची नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीत चालते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान या देशांसाठी त्यात भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची सोय असते. थोडा जादा हप्ता भरायचा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यायची. ऑनलाइन पॉलिसी काढलेल्यांना हा पर्याय पडद्यावर सहसा दिसत नाही, कंपनीला लिहून मागावा लागतो. त्यात दोन-चार दिवस जातात, म्हणून पंधरा दिवस म्हटलं.

घर ते गोरखपूर

हा टप्पा झटपट उरकतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, त्यामुळे नागपूर एका दिवसात होतं. दुचाकीवाल्यांनो, समृद्धीवर तुम्हाला बंदी आहे. तुमचा रस्ता धुळे-अमरावतीवरून. नागपूरहून सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, मग गोरखपूर. रीव्यापुढे चाकघाटच्या अलीकडे सोहागीचा घाट आहे. छोटासाच, पण अपघातांसाठी बदनाम. तिथे उतरताना ट्रकच्या मागे सरकत राहा.

डिसेंबर-जानेवारीत पूर्व उत्तर प्रदेश आणि नेपाळची तराई, म्हणजे डोंगरापायथ्याचा सपाट पट्टा, दाट धुक्यात असते. सकाळी नऊ-दहापर्यंत बोनेटपलीकडचं दिसत नाही. आपल्याकडच्या माणसाला या धुक्याचा अंदाज नसतो, तो माळशेजच्या धुक्याच्या हिशेबाने गाडी हाकतो. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल निवडा.

मुक्काम गोरखपूरला करा, सोनौलीत नको. गोरखपूर ते सोनौली शंभरेक किलोमीटर आहे. पहाटे निघालात की सकाळी कार्यालयं उघडताना नाक्यावर पोचता. नौतनवाच्या पुढे ट्रकांची लांबच लांब रांग दिसेल. ती तुमची नाही, तिच्या शेवटी उभे राहू नका. लहान गाड्यांना बाजूने सोडतात.

पहिला किलोमीटर

भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान आणि कस्टमवाले डिकी पाहतात. तिथलं काम तेवढंच. कमान ओलांडली की लगेच नेपाळचं भन्सार कार्यालय, म्हणजे कस्टम. गाडी बाजूला लावा आणि तिथून पुढचं सगळं पायी करा.

सगळ्यात आधी भन्सारच्या खिडकीवर आरसी आणि परवाना द्या, किती दिवस राहणार ते सांगा. दिवसाच्या हिशेबाने शुल्क लागतं, कारला जास्त, दुचाकीला कमी. ते नेपाळी रुपयांत भरून छापील पावती घ्यायची. इथे एक दिवस जास्तीचा घ्या. दरड कोसळून रस्ता बंद झाला की तो दिवस कामी येतो. उशीर झाला तर दंड शुल्काच्या कितीतरी पट पडतो. परदेशी खासगी गाडीला नेपाळी आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसांचीच मुभा असते, आणि ते वर्ष आपल्यासारखं एप्रिलला नाही, जुलैच्या मध्यात सुरू होतं.

पावती हातात पडली की तिथेच उभ्या उभ्या वाचा. गाडीचा क्रमांक बरोबर आहे का? आणि तारीख? तारखा विक्रम संवतात असतात. एप्रिल २०२६ च्या मध्यापासून तिथे २०८३ साल आहे. महिने वैशाख, जेठ असे आपल्याच नावांचे, पण ते सौर आहेत, संक्रांतीला सुरू होतात. आपल्या कालनिर्णयातल्या तिथीशी त्यांचा मेळ घालायला जाऊ नका. खिडकीवरच्या माणसाला विचारून शेवटची तारीख इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे मागच्या बाजूला लिहून ठेवा.

त्यानंतर यातायातचा, म्हणजे वाहतूक खात्याचा परवाना. कुठे जाणार, कुठल्या रस्त्याने, हे तिथे नोंदवतात. पोखरा, काठमांडू, चितवन, जिथे जिथे जाण्याची शक्यता आहे ती सगळी नावं सांगा. परतताना दुसऱ्या नाक्यातून निघायचा बेत असेल तर तेही आताच बोलून घ्या.

गाडी थांबवताच चार पोरं धावत येतील, 'भन्सार कटवा दूं सर?' म्हणत. सगळी फसवी नसतात. गर्दीच्या दिवशी एजंटने तास वाचतोही. पण मूळ आरसी त्याच्या हातात देऊन चहाला जाऊ नका, आणि सरकारी पावतीवरच्या आकड्याहून त्याची मजुरी वेगळी किती हे आधी ठरवा. एकटे असाल तर स्वतः करा, अवघड काही नाही. खिडकीवर हिंदी चालते, भोजपुरी तर सर्रास.

शनिवार टाळा. नेपाळची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. दसैंमध्ये, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या सुमारास, तर देशच गावी गेलेला असतो. बस भरलेल्या, कार्यालयं ओस. आणि घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

पैसे आणि फोन

भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचा १.६०. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे घासाघीस करायची गरज नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. अलीकडे दोन्ही बाजूंनी हा नियम सैल करण्याची पावलं उचलली गेली आहेत. निघण्याच्या आठवड्यात नेपाळ राष्ट्र बँकेची ताजी सूचना पाहा. तरीही शंभराच्या नोटांचं एक बंडल जवळ असू द्या. डोंगरातल्या दुकानदाराशी पाचशेच्या नोटेवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

मार्च २०२४ पासून फोनपे या नावाच्या नेपाळी क्यूआरवर भारतीय यूपीआय चालतं. नाव ओळखीचं वाटलं तरी ही आपल्याकडची कंपनी नव्हे, वेगळीच आहे. काठमांडू, पोखऱ्याच्या हॉटेलांत याचा चांगला उपयोग होतो. पण रोमिंग बंद असेल तर पैसेही जात नाहीत, हे लक्षात ठेवा. सिम भैरहव्यातच घ्या, एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉमचं. ओळखपत्र आणि फोटो लागतो. घाटात कुठे एक चालतं, कुठे दुसरं. दोन गाड्या असतील तर दोन्ही कंपन्यांची घ्या.

घाट

भैरहव्याहून बुटवल अर्ध्या-पाऊण तासावर आहे, आणि बुटवलला डोंगर एकदम समोर उभा राहतो. इथे दोन रस्ते फुटतात.

डावीकडचा सिद्धार्थ राजमार्ग, पाल्पा, स्याङ्जा करत पोखऱ्याला जातो. भारताच्या मदतीने बांधलेला हा रस्ता अंतराने दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, पण वळणं इतकी की सहा-सात तास धरून चाला. दृश्य सुंदर आहे. पोटात ढवळणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. पाल्प्यात, म्हणजे तानसेनला, एक रात्र थांबलात तर हा रस्ता शिक्षा वाटत नाही.

दुसरा पूर्व-पश्चिम महामार्ग, दाउन्नेचा चढ ओलांडून नारायणघाटला. हाच आशियाई महामार्ग २. त्याच्या रुंदीकरणाचं काम कित्येक वर्षं रेंगाळलं आहे. पाऊस पडला की दाउन्नेला चिखलात ट्रक रुततात आणि रांग लागते. नारायणघाटहून मुगलिंग ३६ किलोमीटर, मुगलिंगहून उजवीकडे काठमांडू ११०, डावीकडे पोखरा नव्वदेक. मुगलिंग हा तिठा ध्यानात ठेवा, नेपाळमधल्या रस्त्यांचा सगळा हिशेब इथून होतो.

नारायणघाट ते मुगलिंग या छत्तीस किलोमीटरबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सुटत राहणारा डोंगर. १२ जुलै २०२४ च्या पहाटे सिमलताल इथे दरड आली आणि दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली. त्यात जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ भागातले भाविक होते. २७ जण गेले. सप्टेंबरअखेरच्या पावसाने तर काठमांडूत येणारे सगळेच महामार्ग एकदम तोडले. जून ते सप्टेंबर स्वतःच्या गाडीने जाऊ नका. श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचंच असेल तर विमान आहे.

रात्री घाट चालवू नका, हा दुसरा नियम, आणि याला अपवाद नाही. दुपारी चार वाजले की पुढच्या मुक्कामाचा विचार सुरू करायचा. बंदीपूर, कुरिनटार, मुगलिंग, कुठेही खोली मिळते. आपल्याकडे वरंधा, आंबोली रात्री उतरणारे वीर खूप आहेत. पण इथे कठडे कमी, समोरून रात्रीच्या बसगाड्या सुसाट, आणि खाली नदी.

पुढच्या ट्रकने उजवा दिवा लावला तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, 'समोर मोकळं आहे, ओलांड'. दोन, तो खरंच उजवीकडे वळतो आहे. नेमका कोणता ते त्याच्या वेगावरून आणि समोरच्या रस्त्यावरून ताडायचं. शंका आली तर मागेच राहा.

रक्सौलहून येणाऱ्यांना हेटौड्यापर्यंत रस्ता सोपा आहे. तिथून पुढे त्रिभुवन राजपथ सिमभञ्ज्याङला जवळजवळ अडीच हजार मीटर चढतो आणि दामनमार्गे नौबिसेला उतरतो. भारताने १९५० च्या दशकात बांधलेला काठमांडूचा हा पहिला मोटाररस्ता. त्याआधी राणा सरदारांच्या मोटारी हमालांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडून खोऱ्यात येत. हवा स्वच्छ असेल तर दामनहून हिमशिखरांची रांग दिसते. वाट अरुंद आहे, नवख्याने हेटौड्याहून नारायणघाटकडे वळलेलं बरं. बर्दिबासहून धुलिखेलला जाणारा बी. पी. राजमार्ग नकाशात जवळचा दिसेल. २०२४ च्या पुरात तो जागोजागी वाहून गेला होता, स्थानिकांना विचारल्याशिवाय त्यात घुसू नका.

मुक्तिनाथाचं स्वप्न पाहणाऱ्यांना एवढंच सांगतो की सेडान पोखऱ्यात ठेवा. बेनीपासून जोमसोमकडे जाणारा रस्ता उंच गाड्यांचा आहे, आणि मंदिर ३७०० मीटरच्या वर. पोखऱ्याहून जीप ठरवा. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना तिथेच काढता येतो, सार्क देशांच्या नागरिकांना तो स्वस्त पडतो.

जेवणाची चिंता नको. घाटात कुठेही 'खाना' म्हणालात की भात, डाळ, भाजी, लोणचं येतं, आणि भात-डाळ पुन्हा पुन्हा वाढतात. हॉटेल चालवणाऱ्या बाईंना 'दिदी', ड्रायव्हरला 'दाइ' म्हणा. शाकाहारी मंडळींनी 'मासु नहाल्ने' एवढं शिकून घ्यावं, मांस घालू नका.

काठमांडूत

शहरात शिरताना आपल्या सवयी बाहेर ठेवा. २०१७ पासून तिथे विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे, आणि लोक ती पाळतात. पादचारी पट्ट्यावर गाडी थांबवावी लागते. दारू पिऊन चालवणाऱ्यांची तपासणी रोज संध्याकाळी असते, 'एकच बिअर घेतली' हे तिथे चालत नाही. पोलिसांनी थांबवलं तर भन्सारची पावती आणि यातायातचा परवाना दाखवा, नम्र बोला. बहुतेकदा क्रमांकाची पाटी पाहून कुतूहलानेच थांबवलेलं असतं. पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, वाहतूक पोलीस १०३ आणि पर्यटक पोलीस ११४४ हे क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

मुदत कमी पडते आहे असं वाटलं तर ती संपण्याआधी जवळच्या भन्सार कार्यालयात जाऊन दिवस वाढवून घ्या. सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनात संचारबंदी लागली, सीमा बंद झाल्या आणि पर्यटक अडकून पडले. म्हणून निघण्याआधी बातम्या पाहाच. परततानाही नाक्यावर थांबून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. नोंद राहिली तर पुढच्या वेळी तुमची गाडी कागदोपत्री अजून नेपाळातच असते.

आणि माल न्यायचा असेल तर

फिरायला जाताना डिकीत 'सॅम्पल' म्हणून वीस पैठण्या किंवा पेटीभर हापूस टाकून धंदा सुरू करू नका. स्वतःच्या वापराचं सामान वेगळं आणि व्यापाराचा माल वेगळा. नेपाळचा भन्सार यात हल्ली कडक झाला आहे.

सरळ मार्ग असा. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्या. जीएसटीत निर्यातीसाठीचं हमीपत्र ऑनलाइन भरा, म्हणजे कर न भरता माल पाठवता येतो. पलीकडे खरेदीदाराकडे नेपाळचा पॅन आणि एक्झिम, म्हणजे तिथला आयात-निर्यात कोड आहे ना, हे पहिल्या फोनवरच विचारा. नसेल तर माल नाक्यावर पडून राहील. रक्सौलला कस्टम ब्रोकर नेमून शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम अर्ज, भरायचं. वीरगंजच्या बाजूचं प्रज्ञापनपत्र, म्हणजे आयातीचा तसाच अर्ज, खरेदीदाराचा एजंट भरतो. तिथे कस्टम शुल्क आणि १३ टक्के व्हॅट बसतो. भारत-नेपाळ व्यापार करारातली शुल्कसवलत हवी असेल तर उत्पत्तीचं, म्हणजे माल भारतातच तयार झाल्याचं, प्रमाणपत्र सोबत लागतं. फळं, भाजी, बियाणं असेल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही. व्यवहार भारतीय रुपयांत होतो, डॉलरची भानगड नसते.

२०१८ पासून रक्सौल-वीरगंजला एकात्मिक तपासणी नाका आहे, त्यामुळे ट्रक जुन्या गावातून जात नाहीत. वीरगंजजवळ सिर्सियाला रेल्वेने जोडलेलं कोरडं बंदर, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर उतरवण्याचं ठिकाण, आहे. कोलकाता, हल्दिया आणि विशाखापट्टणमला उतरलेला तिसऱ्या देशांचा माल तिथे येतो. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे या एका वाटेवर त्याचं किती अवलंबून आहे ते भारताच्या सीमेवरून माल थांबला त्या २०१५-१६ च्या नाकाबंदीत दिसलं, गॅस आणि पेट्रोलसाठी तिथे रात्र-रात्र रांगा लागल्या होत्या. पेट्रोलियमसाठी मोतिहारी-अमलेखगंज पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू झाली, भारतातला बाकीचा बराच माल अजून ट्रकनेच जातो.

नाशिकच्या कांदावाल्यांसाठी शेवटचं. नेपाळ आपला बराचसा कांदा भारतातून घेतो, मागणी पक्की आहे. धोका आपल्याच बाजूने येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये शुल्कासह उघडली, आणि शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. त्या काळात ट्रक भरून निघालेल्यांचे हाल झाले. खरेदीदाराशी सौदा करताना निर्यातीवर अचानक बंदी किंवा शुल्क आलं तर भार कोणाचा, हे लिहून घ्या. आणि लासलगावातून ट्रक सुटायच्या दिवशी सकाळी महासंचालनालयाच्या अधिसूचना एकदा उघडून पाहा.